दस्तरखानावरून उठवू नये

शेवटच्या साध्या दिवशी मी नोरबुताच्या उजव्या बुटात खोचलेला होतो. मी एक जुना चाबूक आहे, मित्रांनो. वीतभराहून थोडी लांब लाकडी मूठ आणि तिला जोडलेली आठ पेडांची कातडी वेणी, एवढाच माझा देह. चाबकाचे चरित्र म्हणजे दुसऱ्यांच्या पाठीवरचे वळ, तेव्हा माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. पण ज्या हाताने मला आयुष्यभर वागवले तो हात विचारी होता. त्या हाताचे पुढे काय झाले ते लोक वेगळेच सांगतात, म्हणून मी बोलतो आहे.

मार्च महिना होता. खाली गावात जर्दाळू फुलला होता, वर बोयसूनच्या डोंगरावर अजून बर्फ होते. नोरबुता आणि त्याची थोरली मुलगी हुल्कर गावाबाहेरच्या माळावर पायी फिरत होती. हुल्कर देनोव शहरातल्या शाळेत साहित्य शिकवायची आणि शेजारच्या ममारजबच्या घरच्या सोहळ्यासाठी गावी आली होती. ममारजबच्या नातवाची सुंता होती. आमच्याकडे सोहळा म्हटला की कुपकारी आलीच: दोनतीनशे घोडेस्वार, मुंडके काढलेला एक बोकड, आणि तो बोकड सगळ्यांच्या हातून हिसकून जो मर्राच्या आखलेल्या वर्तुळात नेऊन टाकील त्याला गालिचा नाहीतर मेंढा. या सगळ्यावर ज्याची हुकमत चालते त्याला बकोवुल म्हणतात. मैदान त्याने निवडायचे, माणसे त्याने बसवायची, घोडे त्याने आवरायचे. आमच्या खोऱ्यातला बकोवुल नोरबुता होता.

तो वाकून रानउंदरांची बिळे शोधत होता आणि हुल्कर त्यांत दगडमाती भरून वरून पाय दाबत होती. एका बिळात घोड्याचा पाय गेला की घोडाही जातो आणि स्वारही.

"ओता, तुम्ही सोहळ्याची तयारी करताय की लढाईची?" तिने वडिलांना विचारले.

"दोन्हीला तयारी एकच लागते, पोरी. कोण कुठं उभा राहील ते आधी ठरवायचं. फरक एवढाच, की लढाईत माणसं ऐकतात."

"आणि सोहळ्यात?"

"सोहळ्यात त्यांना मान लागतो. मेंढ्यांचं बरं असतं बघ. बसव तिथं बसतात."

"मग ममारजब अकांना सांगा, पुढच्या खेपेला मेंढ्यांनाच बोलवा म्हणून."

"सांगितलं असतं. पण मग त्याचे व्याही रागावतील, आम्हाला कसं वगळलं म्हणून."

ती हसली. तिच्या शहरी बुटांना चिखलाचे गोळे चिकटले होते आणि ते पाहून नोरबुता दर चार पावलांनी मान हलवत होता. मग त्याने मला बुटातून उपसले आणि माझ्या टोकाने हवेत रेघ ओढली.

"ट्रक इथं उभे करायचे, चाकाला चाक लावून. पाहुणे ट्रकांच्या मागं, वर चढावर. बायका आणि पोरं त्याच्याही वर. ट्रकांच्या पुढं कुणी नाही. मी असलो तरी घोड्यावर."

तेवढ्यात ममारजब मोटारसायकल फटफटवत आला. चांगला माणूस होता तो; गावात कुणाच्याही घरी चूल पेटली नाही तर पहिली भाकर त्याच्या घरून जायची. पण त्याला लोकांची फार भीती वाटे, म्हणजे लोक काय म्हणतील याची.

"बकोवुल, माझे व्याही काय धनगर आहेत, टेकाडावर बसायला?"

"टेकाडावरून दिसतं चांगलं."

"दिसण्याचं कुठं काढलंस? मी बसण्याचं बोलतोय. बायमुरोद बोबोंची दाढी बघितलीस का केवढी पांढरी? डोंगर ओलांडून येणार माझ्या दारी, आणि मी त्यांना मागं बसवू?"

"दाढी पांढरी आहे म्हणूनच मागं. पळायची वेळ आली तर कसे पळतील?"

ममारजबने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. हसला, नोरबुताचा खांदा थोपटला आणि निघून गेला. बापलेकींनी मग दगडावर बसून दह्याबरोबर भाकर खाल्ली. नोरबुताने बोटांना लागलेला ओशटपणा माझ्या वेणीला पुसला, कारण मला तो मानवतो. हुल्करने बुटांचा चिखल काडीने खरवडला. त्या दिवशी आणखी काही घडले नाही.

*

आता माझे मूळ सांगतो. डोंगराच्या कड्यात एक लाल सालीचे झुडूप उगवते. ते इतके सावकाश वाढते की माणसाच्या बोटाएवढे जाड व्हायला माणसाचे अर्धे वय लागते. त्याच्या खोडाची माझी मूठ. माझी वेणी एका वासराच्या कातड्याची. आमच्या गावच्या जीनगराने ते कातडे ताकात भिजवले, वाद्या कापल्या, आठ पेड घट्ट वळले आणि दुंबा जातीच्या मेंढ्याच्या शेपटीची चरबी पाजून मला उन्हात टांगले. मी तयार झालो तेव्हा त्याने वाळलेला भोपळा कुंपणावर ठेवला आणि एक फटका मारला. भोपळ्याचे दोन तुकडे झाले. जीनगर खूश झाला. मीही झालो. मला तेव्हा वाटले, जग भोपळ्यांचे बनलेले आहे.

नोरबुताने मला घेतले तेव्हा त्याला नुकती मिसरूड फुटली होती. त्या वर्षांत मी काय काय केले ते सगळे तुम्हाला सांगणार नाही. कुपकारीत बोकड जमिनीवर पडलेला असतो आणि त्याभोवती घोड्यांची गाठ बसते. घोडे एकमेकांच्या मानेचे लचके तोडतात, मागच्या पायांवर उभे राहून समोरच्याच्या छातीवर खूर मारतात. वाफ, लाळ, चिखल, शिव्या. स्वार डोक्यावर जुन्या रणगाडेवाल्यांच्या जाड टोप्या घालतात, अंगात दोन-दोन गोधडीचे अंगरखे, तरी नाकाची हाडे मोडतातच. बोकड उचलायला स्वाराला खोगिरावरून पार जमिनीपर्यंत लोंबावे लागते. त्याला दोन्ही हात लागतात. म्हणून तो चाबूक दातांत धरतो. माझ्या मुठीवर नोरबुताच्या दातांचे खळगे आहेत. बोट फिरवले तर लागतात. बोकड मांडीखाली आला की मी पुन्हा हातात, आणि मग मी मिळेल त्यावर पडत असे. घोड्याच्या पुठ्ठ्यावर, दुसऱ्याच्या मनगटावर, गालावर. रक्त लागले की मी जड होतो आणि जड चाबूक जास्त लागतो. त्या काळी मला याचा अभिमान होता. लोक म्हणत, नोरबुताच्या चाबकाला तोंड आहे.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, मित्रांनो. कुपकारीच्या घोड्याला शिंगरू असल्यापासून एक धडा देतात. समोर चाबूक उगारलेला दिसला की बिचकायचे नाही, मान खाली घालून छातीने आत घुसायचे. जो घोडा बिचकतो तो नांगराला जातो. त्या खोऱ्यातले शेकडो घोडे मी असे शिकवलेले पाहिले आणि काही मी स्वतः शिकवले.

मग एका परगावच्या कुपकारीत घोड्यांची गाठ गर्दीत शिरली. तिथे एक बाई टोपलीत नान घेऊन विकत बसली होती. नान म्हणजे आमची गोल, जाड भाकर. तिला उठायला वेळ मिळाला नाही. पुढच्या चारपाच घोड्यांत नोरबुताचा घोडा होता. कुणाच्या खुराने काय झाले ते कुणीच सांगू शकले नसते. नान चिखलात घरंगळत गेले आणि त्यांवर खुरांचे ठसे उमटले. बक्षिसाचा गालिचा त्या दिवशी नोरबुताने जिंकला होता. तो त्याने त्या बाईच्या अंगावर घातला आणि पायी घरी आला.

त्यानंतर त्याने कधी बोकडाला हात लावला नाही. तो बकोवुल झाला. आधीच्या बकोवुलांचे काम म्हणजे मोठ्या आवाजात बक्षिसे पुकारणे. नोरबुता मात्र सोहळ्याच्या आदल्या दिवशी मैदान पायी हिंडे. घोडे वाऱ्याच्या कोणत्या बाजूने येतील, कढया कुठे लागतील, कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाची गाय व्यायला झाली आहे, हे सगळे तो विचारून येई. ट्रकवाल्यांना हात जोडून सकाळी लवकर आणवी. गावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला जीपसह मैदानाच्या कडेला उभे करी आणि त्याला तिथेच पुलाव पाठवी, म्हणजे तो जेवायला म्हणून जागचा हलणार नाही. लोक चेष्टा करत. "नोरबुता, उद्या घोड्यांना पण रांगेत उभं करशील," म्हणत. तो म्हणे, "घोडे राहतील. तुमचंच काय ते सांगा."

एकदा एक स्वार पिऊन आला. धडधाकट गडी, खाली उतरेना.

"मला उतरवतोस, बकोवुल? माझ्या घोड्याचं नाव तरी ठाऊक आहे का तुला?"

"घोड्याचं काही म्हणणं नाही. तो शुद्धीत आहे. तू उतर."

गड्याने घोडा नोरबुताच्या अंगावर घातला. नोरबुताने मला एकदाच उचलले. गड्याचा कान फाटला, तो खोगिरावरून घसरला आणि जमिनीवर बसून रडू लागला. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर माफी मागायला घरी आला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ फटके दिले. त्यातला तो एक मला लपवावासा वाटत नाही.

*

सोहळ्याच्या दिवशी सकाळी सगळे ठरल्याप्रमाणे झाले. ट्रक चाकाला चाक लावून उभे राहिले. माणसे चढावर बसली. पहिला बोकड पडला, दुसरा पडला. एका स्वाराचा खांदा निखळला, एकाचे दोन दात गेले, एका काळ्या घोड्याचा डोळा फुटला. कुपकारीत एवढे झाले तर दिवस चांगला गेला म्हणतात. नोरबुता आपल्या तांबड्या घोड्यावर बसून पुकारे करत होता आणि मी मुठीच्या फासाने त्याच्या मनगटाला लोंबत होतो.

तिसऱ्या बोकडाला घोडे भिडले आणि त्याने मर्राकडे पाहिले. मर्राच्या अगदी काठाला, ट्रकांच्या पुढे, लाल गालिचे अंथरलेले होते. गालिच्यांवर रजया, रजयांवर दस्तरखान, म्हणजे जेवण मांडायची चादर. चहाच्या पाण्याचा समोवार धुरत होता. व्याह्यांकडचे बायमुरोद बोबो, म्हणजे बायमुरोद आजोबा, आणि त्यांच्या गावचे चारपाच म्हातारे मांडी घालून बसले होते आणि ममारजब स्वतः त्यांच्या पुढ्यात नान मोडत होता. पाहुण्यांना मागे बसवण्याची लाज त्याला सहन झाली नव्हती. बकोवुल दुसऱ्या टोकाला गुंतलेला पाहून त्याने ट्रकांमधल्या फटीतून सगळे पुढे आणवले होते.

नोरबुताने घोडा तिकडे पिटाळला. आता इथे आमच्या लोकांचे वागणे तुम्हाला समजून घ्यावे लागेल. पांढऱ्या दाढीच्या माणसाशी खोगिरावर बसून बोलत नाहीत. तो मोठा अपमान असतो. नोरबुता खाली उतरला. अंथरलेल्या दस्तरखानावरून पाहुण्याला उठवत नाहीत. शेवटची दुवा झाल्याशिवाय पाहुणाही उठत नाही, कारण तो यजमानाचा अपमान. हे सगळे नोरबुताला ठाऊक होते. तरीही त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला,

"बोबो, उठा."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांना वाटले, चेष्टा आहे.

"बस, बाळा," बायमुरोद बोबो म्हणाले. "सकाळपासून उभा आहेस. आधी प्याला घे." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चहा ओतून प्याला पुढे केला.

वडीलधाऱ्याच्या हातचा प्याला परत करत नाहीत. नोरबुताने तो डाव्या हातात घेतला.

"बोबो, घोडे वळले आहेत. उठा."

"दुवा व्हायची आहे अजून," एक जण म्हणाला. आणखी कुणी म्हणाले, "व्याही, तुमचा बकोवुल बिळातल्या उंदरासारखा घाबरट दिसतो." सगळे हसले. ममारजबही हसला, पण त्याचा चेहरा हसत नव्हता.

हुल्कर तेव्हा दोन ट्रकांच्या फटीत उभी होती. वडिलांनी सकाळपासून काही खाल्ले नव्हते म्हणून ती फडक्यात भाकर बांधून घेऊन आली होती. तिने हे सगळे ऐकले.

जमीन आधी पायांना कळते. समोवारचे झाकण थरथरू लागले. नोरबुता वळला. सगळी गाठ सुटून मर्राकडे आली होती. पुढे बोकड मांडीखाली दाबलेला एक स्वार, आणि मागे भिंत. घोड्यांची भिंत. त्याच्या डाव्या हातात चहा होता. उजवा हात वर गेला आणि त्या हातात मी होतो. विचार करायला वेळ असता तर त्याने मला खालीच ठेवले असते. त्या घोड्यांना काय शिकवले आहे ते त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. पण हात सवयीने वर जातो.

घोड्यांनी उगारलेला चाबूक पाहिला, माना खाली घातल्या आणि छातीने घुसले.

पहिला धक्का त्याला आणि तांबड्या घोड्याला एकदम बसला. तांबडा आडवा पडला. त्याला अडखळून आणखी दोन घोडे पडले आणि त्या ढिगाऱ्यामुळे उरलेली गाठ फुटून दोन बाजूंनी गेली. हाड मोडल्याचा आवाज कोरड्या फांदीसारखा येतो असे म्हणतात. तसा येत नाही, ओल्या फांदीसारखा येतो. समोवार उलटून उकळते पाणी गालिच्यावर गेले. बायमुरोद बोबोंच्या पायावरून एक खूर गेला. बाकीचे म्हातारे वाचले. नोरबुता तांबड्याच्या खाली होता. मी त्याच्या मनगटाला तसाच बांधलेला होतो. कंपाउंडरची जीप लगेच आली, कारण ती तयारच होती. तिचा उपयोग मात्र बोबोंच्या पायालाच झाला.

हुल्करने माझा फास वडिलांच्या मनगटातून सोडवला. तो सुजलेल्या कातडीत रुतला होता, त्यामुळे तिला वेळ लागला. ती ओरडली नाही. तिच्या ओठांतून एकच शब्द पुन्हा पुन्हा निघत होता, पण तो इतका हळू होता की मलाही नीट ऐकू आला नाही.

*

मला ओसरीवरच्या खिळ्याला टांगले. वर्षभर मी तिथे होतो. चाबकाला रोज चरबी लागते असे नाही, पण महिनोन्महिने हात लागला नाही तर वाद्या आखडतात आणि पेडांत भेगा पडतात. उंदरांनी माझे टोक कुरतडले. माझ्यावर वाळलेले रक्त कुणी पुसले नाही. मला त्याची तक्रार नाही.

ओसरीवरून मला घरात येणारेजाणारे सगळे दिसत. लोक सांत्वनाला येत आणि एकच गोष्ट सांगत. नोरबुता शेरासारखा आडवा झाला. पाहुण्यांसाठी त्याने जीव दिला. घोड्यांच्या भिंतीसमोर एकटा उभा राहिला. सांगता सांगता त्यांचे डोळे भरून येत, आणि गोष्ट दर खेपेला थोडी मोठी होई. त्यात प्याला नव्हता. "उठा" हा शब्दही नव्हता. जे लिहिलेले होते ते झाले, असे म्हणून लोक थांबत आणि हुल्करकडे पाहत. आमच्याकडे त्यावर एकच उत्तर असते: शुकुर, म्हणजे देवाचे आभार. हुल्कर ते उत्तर देई आणि चहा ओती.

ती दर शुक्रवारी देनोवहून येत असे. तिने पुष्कळ पुस्तके वाचली होती, आणि इतकी पुस्तके वाचलेल्या माणसाला खरे बोलणे सोपे जात असेल असे मला वाटे. तसे नसते. तिला दिसत होते, की खरे सांगितले तर डोंगरापलीकडच्या म्हाताऱ्यांची मान खाली जाईल. ममारजबच्या घराशी, जिथून पहिली भाकर येते त्या घराशी, वैर होईल. आणि वडिलांची शेर म्हणून जी गोष्ट झाली होती तिला तडा जाईल. तिचा धाकटा भाऊ सफर त्या गोष्टीवर जगत होता. तो आता दोन मुलांचा बाप होता, पण वडिलांचे नाव निघाले की लहान पोरासारखा ताठ बसे. एकदा ओसरीवर कुणी नव्हते. हुल्करने मला खिळ्यावरून काढले, मुठीवरच्या दातांच्या खळग्यांवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा टांगले.

वर्ष संपायला थोडे दिवस उरले असताना ममारजब आला. बरोबर काठी टेकत बायमुरोद बोबो होते. दोघांनी नान आणले होते. ज्या घरात मयत झाली आहे त्या घराची परवानगी घेतल्याशिवाय गल्लीत कुणी सोहळा करत नाही, करनाय वाजवत नाही. करनाय म्हणजे पुरुषापेक्षा उंच पितळी तुतारी. ती वाजली की दुःखाच्या घराच्या भिंती हादरतात. म्हणून आधी विचारायचे. आणि ज्यांना विचारले त्यांनी नेहमी हो म्हणायचे.

"धाकट्या नातवाची सुंता आहे," ममारजब म्हणाला. "सफर, तुम्ही हो म्हणालात तर वाजवू. नाही तर गुपचूप चार पोरांना जेवू घालू."

"वाजवा, अका. तुमचा आनंद तो आमचा," सफरने ठरलेले उत्तर दिले.

"अल्ला तुला मोठं करो. आणि कुपकारी आहे. बकोवुल तू. बापाचा चाबूक मुलानं उचलायचा."

सफरचा चेहरा फुलला. हुल्कर दाराशी बसून चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली नाही, पण धार थांबली.

"गालिचे त्याच जागी घालू," ममारजब पुढे सांगत होता. त्याला खरोखर भरून आले होते. "शेरानं जिथं देह ठेवला तिथंच. दस्तरखान गेल्या खेपेपेक्षा मोठा. पहिला बोकड नोरबुताच्या नावानं. बोबो पाय मोडका असून स्वतः येऊन बसणार आहेत. आणि तू त्यांच्यासमोर उभा राहशील, बापासारखा."

"राहीन, अका," सफर म्हणाला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुम्हीही सोहळे कराल. पाहुण्यांना चांगले खाऊ घाला, त्यांना मऊ रजई द्या. पण त्यांना कुठे बसवायचे हे ज्याला कळते त्याला ठरवू द्या, आणि तो उठा म्हणाला तर त्याला प्याला देऊ नका. मी चाबूक आहे. माझ्या बोलण्याने आजवर कुणी थांबले नाही. म्हणून त्या दिवशी मी खिळ्यावरून फक्त हुल्करकडे पाहत राहिलो.

ती उठली. "परवानगी घराची मागायला आलात," ती म्हणाली. "मीही याच घरची आहे."

"ओपा, चहा गार होतोय," सफर थोरल्या बहिणीला हळूच म्हणाला.

"होऊ दे." ती म्हाताऱ्यासमोर जाऊन गुडघ्यांवर बसली, म्हणजे तिला वरून बोलावे लागू नये. "बोबो, ओतांनी तुम्हाला उठा म्हटलं होतं."

बोबोंनी हातातला प्याला खाली ठेवला.

"दोनदा म्हटलं. मी ट्रकांच्या फटीत उभी होते. तुम्ही म्हणालात, आधी प्याला घे. घोडे आले तेव्हा त्यांच्या हातात तुमचा प्याला होता."

"पोरी," ममारजब म्हणाला, "दारी आलेल्या पाहुण्याला असं बोलतात का? जे लिहिलेलं होतं ते झालं."

"पाहुणे टेकाडावर बसवा, असं तुम्हाला आदल्या दिवशी माळावर सांगितलं होतं, अका. मी तिथंही होते."

सफर बहिणीकडे असा पाहत होता, जणू तिने त्याच्याच कानाखाली मारली आहे. बायमुरोद बोबोंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणाला होता," ते म्हणाले. "खरं आहे. मला वाटलं, तरुण पोर आहे, घाई करतंय."

"ते साठीला आले होते, बोबो."

"मला सगळेच तरुण दिसतात." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "कुणाला सांगितलं नाही मी. तुम्ही सगळे शेर म्हणत होता. म्हटलं, तेच बरं आहे."

"मलाही तेच बरं वाटलं," हुल्कर म्हणाली. "म्हणून वर्षभर शुकुर म्हणत बसले."

"पण त्याची कीर्ती बघ ना, पोरी," ममारजब काकुळतीने म्हणाला. "अख्ख्या खोऱ्यात त्याचं नाव घेतात. नव्या पोरांची नावं नोरबुता ठेवतात. तू हे असं सांगत सुटलीस तर काय उरेल त्याचं?"

"सफर उरेल." तिचा आवाज वर गेला नव्हता, पण आता तो गल्लीपर्यंत ऐकू गेला असता. "गालिचे टेकाडावर घाला. सफर घोड्यावरून खाली उतरणार नाही, कुणाची दाढी कितीही पांढरी असली तरी. आणि त्यानं उठा म्हटलं की उठायचं. दुवा अर्धी राहिली तर राहू दे. हे कबूल असेल तर करनाय खुशाल वाजवा. आमच्या दारासमोर जास्त वेळ वाजवा. आणि कीर्तीचं म्हणाल, अका, तर ती तुम्ही घेऊन जा. मला ओता हवे होते."